आई पुण्यात, काम पेंटॅगॉनचं: सिक्युरिटी क्लिअरन्स आणि परदेशातली नाती

व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या एखाद्या संरक्षण कंत्राटदाराची ऑफर हातात पडते. पगार चांगला, काम आवडीचं, अट एकच: सिक्रेट पातळीचा क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, मिळाला पाहिजे. उमेदवाराला अमेरिकन नागरिक होऊन चार वर्षं झालेली. आईवडील पुण्यात, भाऊ नाशकात, कपाटात ओसीआयची, म्हणजे भारताच्या ‘ओव्हरसीज सिटिझन’ योजनेची पुस्तिका. पहिली शंका हटकून हीच येते: ‘ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्वच ना? मग मला कोण देणार क्लिअरन्स?’

शंका रास्त आहे, पण चुकीच्या जागी आहे. नुसत्या दुहेरी नागरिकत्वावरून क्लिअरन्स नाकारायचे दिवस गेले. अर्ज तोलला जातो तो दर रविवारच्या फोनवर, कोथरूडच्या फ्लॅटवर, भाऊ कुठे नोकरी करतो यावर, आणि या सगळ्यातलं तुम्ही फॉर्मवर किती लिहिलंत यावर.

आधी यंत्रणा

क्लिअरन्ससाठी आपणहून अर्ज करता येत नाही. कंपनी किंवा सरकारी खातं नाव पुढे पाठवतं, आणि तपासणीचा खर्च उमेदवाराला पडत नाही. १९९५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेश १२९६८ नुसार क्लिअरन्स फक्त अमेरिकन नागरिकाला मिळतो. ग्रीन कार्डवाल्याला मिळत नाही. अगदीच दुर्मीळ कौशल्य असेल तर मर्यादित प्रवेशाची परवानगी देतात, तीही सिक्रेटच्या वर जात नाही.

नाव पुढे गेलं की एसएफ-८६ नावाचा लांबलचक फॉर्म ऑनलाइन भरायचा. पूर्वी तो ई-क्विप नावाच्या यंत्रणेवर भरायचे, २०२३ पासून ई-ॲपवर भरतात. चौकशी मुख्यतः डीसीएसए ही संरक्षण खात्याची संस्था करते. निर्णय घेणारे अधिकारी ज्या कसोट्या लावतात, त्या सीड-४ या निर्देशात आहेत. तो ८ जून २०१७ पासून लागू आहे आणि त्यात ए ते एम अशी तेरा कलमं आहेत: निष्ठा, पैसा, दारू, अमली पदार्थ, गुन्हे, गोपनीय कागद हाताळण्याची सवय वगैरे.

आपल्या विषयाची कलमं दोन. बी म्हणजे परकी प्रभाव आणि सी म्हणजे परकी पसंती. दोन्हींत लोक नेहमी गल्लत करतात. बी विचारतं, तुमच्या माणसांना किंवा मालमत्तेला धरून कोणी तुमचा हात पिरगाळू शकेल का? सी विचारतं, तुमचं मनच दुसऱ्या देशाकडे झुकलेलं आहे का? पुण्यातल्या आईचा प्रश्न बीचा. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट, तिथलं मतदान, तिथली सरकारी नोकरी हे सीचं.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. फौजदारी कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे तो देशाला मिळतो. निर्देशात तसं स्पष्ट लिहिलं आहे, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ च्या ईगन प्रकरणात म्हटलं की क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही. त्यामुळे ‘माझ्याविरुद्ध पुरावा काय?’ हा पवित्रा इथे चालत नाही. शंका निघाली की ती फेडायची जबाबदारी अर्जदाराची.

दुहेरी नागरिकत्वाचा नियम बदलला, सल्ले मात्र जुनेच

‘परदेशी पासपोर्ट कापून टाक, नाहीतर काही खरं नाही,’ असं सांगणारा ओळखीचा माणूस प्रत्येकाला भेटतो. तो अगदीच खोटं बोलत नाही, वीसेक वर्षांपूर्वीचं बोलतो. ऑगस्ट २००० मध्ये संरक्षण खात्यातले अधिकारी आर्थर मनी यांनी एक परिपत्रक काढलं. परदेशी पासपोर्ट जवळ असेल तर तो परत करा, नाहीतर क्लिअरन्स नाही, असा त्याचा मथितार्थ. २००५ च्या अखेरीस कसोट्या सुधारल्या तेव्हा थोडी ढील मिळाली: पासपोर्ट नष्ट केला किंवा सुरक्षा अधिकाऱ्याच्या हवाली केला तरी भागू लागलं. २०१७ च्या सीड-४ ने तो भागच काढून टाकला. आता मजकूर असा की अमेरिकन नागरिक दुसऱ्याही देशाचा नागरिक आहे, एवढ्यावरून तो अपात्र ठरत नाही. अमेरिकेच्या हिताशी प्रत्यक्ष संघर्ष दिसला पाहिजे, किंवा लपवाछपवी. त्या दुसऱ्या नागरिकत्वाचा एखादा हक्क वापरला, तरी हेच.

मग सीखाली अजून अडतं काय? दुसऱ्या देशाचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र असून ते न सांगणं. अमेरिकेत येताजाता अमेरिकन पासपोर्ट न वापरणं, कारण अमेरिकन नागरिकाने तो वापरावा हे तिथल्या कायद्यातच आहे. परदेशी सरकारात किंवा सैन्यात पद घेणं. अमेरिकेच्या हिताविरुद्ध दुसऱ्या देशाचं काम करणं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मागून घेणंही काळजीच्या यादीत आहे. पण जन्माने किंवा आईबापांमुळे आलेलं नागरिकत्व ही शंका हलकी करणारी बाब म्हणून वेगळी नोंदली आहे.

ओसीआयमध्ये ‘नागरिक’ हा शब्द आहे, नागरिकत्व नाही

भारतीय वंशाच्या माणसाला हे समजलं की निम्मा घोर कमी होतो. भारताच्या राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ एकच गोष्ट सांगतात: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. अमेरिकेच्या शपथविधीच्या हॉलमध्ये हात वर केला की ते संपलं. नंतर वकिलातीमार्फत मिळतो तो पासपोर्ट परत केल्याचा आणि नागरिकत्व सोडल्याचा दाखला, म्हणजे झालेल्या गोष्टीची पावती.

ओसीआय ही योजना २००६ मध्ये सुरू झाली. ती त्याच कायद्याच्या कलम ७ए खाली येते आणि व्यवहारात ती म्हणजे आजन्म व्हिसा. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, घटनात्मक पद नाही, एरवीची सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नावात मात्र ‘ओव्हरसीज सिटिझन’ आहे, आणि सगळा घोळ त्या नावाचा.

एसएफ-८६ च्या दहाव्या विभागात दोन प्रश्न लागोपाठ येतात. एक, तुम्ही आज किंवा कधीही दुहेरी नागरिक होता का? दोन, अमेरिकेशिवाय दुसऱ्या देशाने तुम्हाला कधी पासपोर्ट किंवा प्रवासासाठीचं ओळखपत्र दिलं होतं का? नागरिकत्व घेऊन अमेरिकन झालेल्या भारतीयाच्या बाबतीत पहिल्याचं कायदेशीर उत्तर ‘नाही’कडे झुकतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र बिनदिक्कत ‘हो’. जुन्या भारतीय पासपोर्टचा नंबर, तो कुठे आणि कधी दिला, मुदत कधी संपली, त्यावर कुठे प्रवास केला, हे सगळं लागतं. म्हणून पासपोर्ट परत करण्याआधी पहिल्या पानापासून शिक्क्यांपर्यंत सगळं स्कॅन करून ठेवावं. ओसीआयबद्दल टिप्पणीच्या चौकटीत दोन ओळी पुरतात: कार्ड अमुक साली घेतलं, भारतात जायला व्हिसा लागू नये म्हणून घेतलं, भारतीय कायद्यानुसार हे नागरिकत्व नाही, भारतीय पासपोर्ट अमुक तारखेला परत केला. ‘विचारलंच नव्हतं’ असं नंतर म्हणावं लागण्यापेक्षा दोन ओळी जास्त लिहिलेल्या बऱ्या.

घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. शपथ झाली, ओसीआय यायला वेळ आहे, तेवढ्यात वडील आयसीयूमध्ये. माणूस जुना भारतीय पासपोर्ट घेऊन विमानात बसतो, कारण त्याची मुदत अजून तीन वर्षं शिल्लक असते. भारताच्या दृष्टीने हा पासपोर्ट वापरायचा अधिकार आता त्याला नाही आणि त्याबद्दल दंड होतो. अमेरिकेच्या दृष्टीने नागरिक झाल्यावर परदेशी पासपोर्ट वापरल्याची ही नोंद. यातून वाट निघते, पण जे घडलं ते तारखेसह फॉर्मवर लिहिलं तरच.

मतदानाचा प्रश्नही असाच फसवा आहे. फॉर्म विचारतो, तुम्ही ‘कधीही’ परदेशातल्या निवडणुकीत मतदान केलंय का? २००९ च्या लोकसभेला भारतीय नागरिक म्हणून पुण्यात रांगेत उभे राहिला होता, तर उत्तर ‘हो’. त्यात गैर काही नाही, पण कधीही म्हणजे कधीही. नागरिकत्व बदलल्यावरही गावच्या मतदार यादीत नाव तसंच राहिलेलं असतं. निवडणूक आयोगाचा फॉर्म ७ भरून ते काढता येतं. आणि काकांनी आग्रह केला तरी सुट्टीत गेल्यावर मत टाकू नये, तो हक्क उरलेला नाही.

खरं दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे सापडतं ते गोव्यात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मार्फत मुला-नातवंडांना, लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो. त्यामुळे म्हापशाचा माणूस पुढे अमेरिकन झाला, तर तो कागदोपत्री आणि खरोखर दोन देशांचा नागरिक असतो. त्याने पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं. पोर्तुगीज पासपोर्टबरोबर नागरिक ओळखपत्रही लिहायचं, कारण त्या कार्डावर युरोपात प्रवास होतो, म्हणजे ते फॉर्मच्या भाषेत प्रवासाचं ओळखपत्रच झालं. पोर्तुगाल नाटोचा १९४९ पासूनचा संस्थापक सदस्य आहे, हे जमेला येतं. अमेरिकन झाल्यानंतर हे नागरिकत्व मागितलं असेल तर ‘कशासाठी?’ हे विचारलं जाणार. आजोबांचा हक्क होता, मुलांना युरोपात शिकायला सोपं जाईल, हे उत्तर पुरेसं साधं आणि खरं आहे.

खरा भार माणसांचा

सीतून बहुतेक जण सुटतात. अडकतात ते बीमध्ये.

बीमध्ये पहिला प्रश्न देशाचा. तो देश अमेरिकेची गुपितं किंवा तंत्रज्ञान मिळवायला टपलेला आहे का? तिथे दहशतवाद आहे का? सरकार आपल्या नागरिकांना वेठीला धरतं का? मित्रदेश म्हणून सूट मिळत नाही. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातला जोनाथन पोलार्ड १९८५ मध्ये पकडला गेला तो इस्रायलसाठी हेरगिरी करताना, आणि इस्रायल तेव्हाही मित्रच होता. भारताचं स्थान मधलं आहे. लोकशाही, २०१६ पासून अमेरिकेचा प्रमुख संरक्षण भागीदार, या जमेच्या बाजू. दहशतवादी हल्ले आणि निर्यातबंदी असलेलं तंत्रज्ञान भारतात नेल्याचे खटले, या दुसऱ्या बाजूच्या. कॅनडात आई असणं आणि चीन, रशिया किंवा इराणमध्ये आई असणं यांच्या मध्ये कुठेतरी भारतातली आई येते.

दुसरा प्रश्न माणसांचा. फॉर्मच्या अठराव्या विभागात अमेरिकन व्याख्येतले नातेवाईक येतात: आईवडील, सावत्र आईवडील, भावंडं, मुलं, सासूसासरे, पालक. हयात नसले तरी नाव लिहायचं. परदेशी नागरिक असतील तर पत्ता, नोकरी, संपर्क कशाने आणि किती वेळा होतो, आणि शेवटी तो कळीचा प्रश्न: परदेशी सरकार, सैन्य, सुरक्षा यंत्रणा, संरक्षण उद्योग किंवा गुप्तहेर खात्याशी यांचा संबंध आहे का?

इथे मराठी घरं दचकतात, कारण आपल्याकडे सरकारशी संबंध नसलेलं घर शोधावं लागतं. समजा, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पेन्शन राज्य सरकारची. संबंध ‘हो’, आणि पुढे एक वाक्य: प्राथमिक शिक्षक होते, अमुक साली निवृत्त, गोपनीय कामाशी कधी संबंध नव्हता. आई गृहिणी, ‘नाही’. भाऊ ओझरच्या एचएएलमध्ये इंजिनीअर. एचएएल लढाऊ विमानं बनवणारी सरकारी कंपनी, म्हणजे सरकारही आणि संरक्षण उद्योगही. उत्तर ठसठशीत ‘हो’. पाषाणच्या डीआरडीओ प्रयोगशाळेतला दुसरा भाऊ, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला सासरा, माझगाव डॉकमधली बहीण, सगळे याच रांगेत. आयुध निर्माणी मंडळाच्या २०२१ मध्ये सात कंपन्या झाल्या म्हणून ‘आता ते सरकारी नाहीत’ असं लिहू नये. त्या कंपन्या सरकारच्याच मालकीच्या आहेत.

एचएएलमधल्या भावामुळे अर्ज बुडतो का? आपोआप नाही. वडिलांच्या शिक्षकीवर चौकशी अधिकारी दोन मिनिटं घालवेल, भावावर वीस. तो काय काम करतो हे तुम्हाला माहीत आहे का, तुमचं काम त्याला माहीत आहे का, त्याचा एखादा साहेब किंवा सहकारी कधी तुमच्याशी बोललाय का. उमेदवार लढाऊ विमानाच्या इंजिनावर काम करणार असेल आणि भाऊही इंजिनावरच, तर मात्र अवघड आहे, आणि ते अवघड का आहे हे सांगायला हेरखात्यातला माणूस लागत नाही.

मामा, मावशी, आत्या, चुलतभाऊ, आजी अठराव्या विभागात येत नाहीत. दीर-नणंदही नाहीत. ते एकोणिसाव्यात, पण सगळे नव्हेत. कसोटी अशी: गेल्या सात वर्षांत जवळचा किंवा सातत्याचा संपर्क, आणि माया, प्रभाव, समान आवड किंवा उपकार यांचा बंध. तुमचा आणि तुमच्या जोडीदाराचाही. ज्या मामाने इंजिनीअरिंगची फी भरली आणि ज्याला दर दिवाळीला फोन जातो, तो नक्की लिहायचा. उपकाराचा बंध याहून सरळ सापडणार नाही. ‘गोखले परिवार’ छापाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवणारे त्रेचाळीस जण लिहायची गरज नाही. त्यांतल्या ज्या दोघा-तिघांशी तुम्ही वेगळं बोलता, तेवढे. जुना कॉलेजमित्र दर महिन्याला व्हिडिओ कॉलवर असेल तर तो नातेवाईक नसूनही लिहायचा.

काही जण भलताच शहाणपणा करतात: अर्जाआधी सहा महिने घरी फोनच करत नाहीत, म्हणजे ‘वर्षातून एकदा’ असं लिहिता येईल. हे कोणाला पटत नाही. आईवडिलांशीच नव्हे, जोडीदाराच्या आईवडिलांशीही माया आहे असंच गृहीत धरून विचार होतो. नसेल तर ते तुम्ही सिद्ध करायचं. रोज बोलत असाल तर रोज लिहा.

पारडं हलतं ते दुसऱ्या बाजूला वजन टाकून. इथली मुळं किती खोल आहेत? किती वर्षं झाली, घर इथे आहे का, मुलं इथली आहेत का, जोडीदार नागरिक झाला का, गावात, शाळेत, देवळात, मंडळात तुमची ओळख आहे का. निर्देशाच्या भाषेत सांगायचं तर अमेरिकेतली नाती आणि निष्ठा इतकी खोल आणि जुनी हवी, की पेच आलाच तर तुम्ही अमेरिकेच्या बाजूने उभे राहाल असा भरवसा वाटावा. नागरिक होऊन दोन वर्षं झालेल्या आणि भाड्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या माणसाला याच मुद्द्यावर जड जातं, बाकी सगळं स्वच्छ असूनही.

फ्लॅट, खातं आणि सातबारा

विसाव्या विभागाचा पहिला भाग परदेशातल्या पैशाचा. तुमचा, जोडीदाराचा, अवलंबून असलेल्या मुलांचा. आजचाच नाही, ‘कधीही’ होता तोही. बँक खाती, शेअर, म्युच्युअल फंड, पीपीएफ, एफडी, घर, जमीन. किंमत डॉलरमध्ये, कसं मिळालं, कोणाबरोबर सामाईक आहे, विकलं असेल तर कधी.

आकड्यापेक्षा प्रमाण महत्त्वाचं. एकाचा पुण्यात १ लाख २० हजार डॉलरचा फ्लॅट आहे, आणि अमेरिकेत घरातला हिस्सा, ४०१-के हे निवृत्तीचं खातं आणि बचत मिळून ९ लाख डॉलर. फ्लॅट बुडाला तरी त्याचं घर चालेल, म्हणून त्या फ्लॅटचा धाक दाखवून त्याच्याकडून काही काढता येणार नाही, असा युक्तिवाद टिकतो. दुसऱ्याचे पुण्यात दोन फ्लॅट, अमेरिकेत ६० हजारांची बचत, आणि मुलाखतीत तो सहज बोलून जातो की निवृत्तीनंतर परत जायचा विचार आहे. मालमत्ता फारशी वेगळी नाही, पण अर्थ पार उलटा.

सातबाऱ्याची गोष्ट निराळी. आजोबांची साताऱ्याकडची चार एकर. वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते, फेरफार मंजूर होतो, आणि न्यू जर्सीतल्या मुलीचं नाव भावांच्या बरोबरीने सातबाऱ्यावर चढतं. तिला त्याचा पत्ताही नसतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्माने सहहिस्सेदार आहे, त्यामुळे ‘मला काही दिलेलं नाही’ हे खरं असलं तरी ‘माझं काही नाही’ हे खरं नसतं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येते. फॉर्म भरण्याआधी महाभूलेखवर गट नंबर टाकून सातबारा बघावा. नाव असेल तर हिस्सा आणि अंदाजे किंमत लिहावी. भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर त्याची तारीख लिहावी. केवळ क्लिअरन्ससाठी घाईघाईने हक्क सोडू नये. चार एकरांतल्या एक-तृतीयांश हिश्श्यापायी क्लिअरन्स जात नाही, भावाबहिणीतलं बोलणं मात्र जाऊ शकतं.

आईच्या खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ म्हणून नाव घातलेलं असतं, नुसत्या सोयीसाठी. तेही लिहायचं. आणि इथे दुसरा सापळा आहे. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार हे विवरण भरावं लागतं. त्यात सामाईक खात्याची पूर्ण शिल्लक धरतात, निम्मी नाही. अमेरिकेत एकट्याने कर भरणाऱ्याची परदेशी मालमत्ता वर्षअखेर ५० हजार किंवा वर्षात कधीही ७५ हजार डॉलरच्या वर असेल, तर प्राप्तिकराबरोबर फॉर्म ८९३८ वेगळा. हे वर्षानुवर्षं भरलेलं नसतं, आणि एसएफ-८६ वर खाती लिहिली की ते आपोआप उघडं पडतं. मग बीमधून सुटलेला अर्ज आर्थिक वर्तनाच्या कलमात, म्हणजे एफमध्ये, अडकतो. त्यामुळे आधी सीपीएकडे, म्हणजे अमेरिकेतल्या सीएकडे, जाऊन मागची विवरणं भरावीत, मग फॉर्म. अनिवासी झाल्यावर भारतातलं साधं बचत खातं एनआरओ करायचं असतं, तेही याच फेरीत उरकावं.

आईला दरमहा पाठवलेले ३०० डॉलरही लिहायचे. परदेशी नागरिकाला आर्थिक मदत करता का, असा सरळ प्रश्न आहे.

नकाराची चाहूल लागली तर

परदेशात जवळची माणसं असली की हंगामी क्लिअरन्स, म्हणजे चौकशी पुरी होईपर्यंतची तात्पुरती परवानगी, बहुतेकदा अडतो. त्यावर दाद मागता येत नाही आणि तो अंतिम नकारही नाही. सिक्रेटसाठी एरवी समोरासमोर मुलाखत होतेच असं नाही. परदेशी नाती असली की बहुधा होते. अधिकारी फॉर्म समोर ठेवून एकेक नाव घेतो. काही लिहायचं राहिलं असेल तर त्याने विचारण्याआधी, बसल्याबसल्या सांगावं. त्याने शोधून काढलं आणि मग तुम्ही आठवल्यासारखं केलंत, तर तो मुद्दा बीचा राहत नाही, ई कलमाचा, म्हणजे खोटेपणाचा होतो. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही आहे.

शंका उरल्या तर ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’ येतं. त्यात क्रमांक घालून मुद्दे असतात: तुमची आई भारताची नागरिक व रहिवासी आहे, तुमचा भाऊ अमुक संस्थेत नोकरीला आहे, अमुक किमतीचा फ्लॅट आहे. कंत्राटी कंपनीच्या उमेदवाराला उत्तरासाठी २० दिवस मिळतात. प्रत्येक मुद्द्यापुढे मान्य किंवा अमान्य लिहायचं, आणि सुनावणी हवी की कागदपत्रांवरच निकाल, हे कळवायचं. सुनावणी डोहा या संरक्षण खात्याच्या सुनावणी आणि अपील कार्यालयातल्या प्रशासकीय न्यायाधीशासमोर होते. सुनावणी मागावी. ‘आई भारतात आहे’ हे कागदावर कोरडं दिसतं. माणूस समोर बसून सांगतो तेव्हा न्यायाधीशाला तो कळतो. बरोबर न्यायचे कागद: घराची आणि कर्जाची कागदपत्रं, कर भरल्याचे दाखले, दोन्ही देशांतल्या मालमत्तेचा एका पानाचा ताळेबंद, पासपोर्ट परत केल्याचा दाखला, वरिष्ठांची आणि शेजाऱ्यांची पत्रं. डोहाचे निकाल नावं वगळून जाहीर होतात. भारतात नातेवाईक असलेल्या अर्जदारांचे पाच-सहा निकाल वाचले, तरी न्यायाधीश कशावर बोट ठेवतात ते लक्षात येतं. नकार कायम झाला तर वर्षभराने पुन्हा अर्ज करता येतो. सरकारी नोकर आणि सैनिक यांचा मार्ग थोडा वेगळा आहे, कसोट्या याच.

मिळाल्यानंतर

क्लिअरन्स हातात आला की सीड-३ या दुसऱ्या निर्देशाचे, काय काय कळवायचं ते सांगणारे नियम लागतात. कंत्राटदारांकडे काम करणाऱ्यांना परदेश प्रवास कळवण्याची सक्ती २४ ऑगस्ट २०२२ पासून आहे. पुण्याला जायचं तर तिकीट काढताना कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला आधी कळवायचं: तारखा, मार्ग, कुठे राहणार, कोणाला भेटणार. वाटेत दुबईला दोन दिवस उतरायचं ठरलं तर परतल्यावर कामाच्या पाच दिवसांत तो बदल सांगायचा. मध्यरात्री वाईट बातमीचा फोन आला आणि तसंच निघावं लागलं, तर निघण्याआधी तोंडी कळवायचं, बाकीचं परतल्यावर त्याच पाच दिवसांत. परदेशी नागरिकत्वासाठी नुसता अर्ज केला तरी तो कळवायचा, म्हणजे लिस्बनची फाइल पुढे सरकण्याआधीच. टॉप सीक्रेटवाल्यांची यादी याहून लांब: परदेशात घर घेतलं, खातं उघडलं, मतदान केलं, तरी कळवा.

त्याच यादीत एक ओळ आहे जी अमेरिकन सहकाऱ्यांच्या क्वचितच कामी येते आणि आपल्या घरांत दर उन्हाळ्यात लागू पडते: ३० दिवसांहून जास्त काळ एका घरात राहणारा परदेशी नागरिक. आई व्हिजिटर व्हिसावर येते तेव्हा साधारण सहा महिन्यांचा शिक्का मिळतो, आणि नातवंडांत रमली की ती पाच महिने तरी हलत नाही. तिला विमानतळावरून घरी आणण्याआधीच तिचं नाव, पासपोर्ट नंबर आणि परतीची तारीख सुरक्षा अधिकाऱ्याला ईमेलने पाठवून ठेवावी, आणि तिने मुक्काम वाढवला की पुन्हा एक ईमेल.